नाय म्हणायचा सबक

आमच्या आईला मोहल्ल्यात दोन कामांसाठी बोलवायचे. पोरगी शिकायच्या वयाची झाली की तिला कुराणाचा सबक द्यायला, आणि बाई मेली की तिला शेवटची आंघोळ घालायला. पहिल्या कामाला पोरी आमच्या पडवीत यायच्या. दुसऱ्या कामाला आई जायची आणि पाणी ओतायला मला न्यायची. मी कुरकुरले तर म्हणायची, "आज तू दुसऱ्यावर ओत, उद्या तुझ्यावर कोणीतरी ओतेल." मग मी तांब्या उचलायची, कपाळ माझं!

माझं म्हणाल तर मी शिवणकाम करते. बुरखे, कुर्ते, फॉल-पिको, येईल ते. नवऱ्याला सोडून आले त्याला बरीच वर्षं झाली, आणि माझी जीभ लवंगी मिरची आहे हे भाट्याच्या पुलापासून मिरकरवाड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी खरं बोलले तरी लोक म्हणतात, हिचं काय ऐकताय, हिचं स्वतःचं घर टिकलं नाय. आई माझ्या अगदी उलट. परक्या पुरुषासमोर तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गॅसवाला आला तरी दाराआडून टाळी वाजवायची आणि मला पुढे करायची. आवाजालाही परदा असतो, असं ती पोरींना शिकवायची आणि स्वतः तसंच वागायची. शिकवायचं एक आणि करायचं दुसरं, हा प्रकार तिच्याकडे नव्हता.

हया हा तिचा आवडता सबक. आता हया म्हणजे नुसती लाज नव्हे. आई सांगायची, "लोक बघतील म्हणून ओढणी सारखी करता ती झाली लाज. लोक घरी गेले, दार लावलंत, दिवा मालवलात, तरी जो बघतोय त्याच्यासाठी सारखी करता ती हया." एकदा एका चिमुरडीने विचारलंन, "आपा, अल्लाहला अंधारात पण दिसतं?" आई म्हणाली, "अंधार त्यानेच केलान ना गो, त्याला दिसायचं नाय?" सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या आणि मग एकदम सरसावून बसल्या. मी मशीन थांबवून ऐकत होते, मी पण पाय जवळ घेतले.

मयताच्या बाबतीत तर ती फारच कडक. बाईला फळीवर ठेवलं की अंगावर जाड काळी चादर, आणि धुवायचं सगळं त्या चादरीखाली. हाताला कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे कातडीला कातडी लागत नाही. पाण्यात बोरीचा पाला उकळलेला, शेवटच्या पाण्यात कापूर. नजर आपल्या हातावर, दुसरीकडे नाही. मेलेल्या माणसाला स्वतःची ओढणी ओढून घेता येत नाही, म्हणून ती आपण ओढायची. आणि त्या खोलीत जे दिसलं ते त्या खोलीतच ठेवायचं. कोणाच्या पायाला कोड, कोणाच्या पोटावर टाके, कोणाच्या डोक्यात केसच नाहीत. बाहेर येऊन चकार शब्द काढायचा नाही. मयताचं उणं झाकशील तर तुझं उणं अल्लाह झाकेल, हा तिचा हिशेब होता. मी एवढी तोंडाळ, पण ह्या बाबतीत मी पण कधी तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहते. तिच्या दोन मुली, दोघी आईकडे शिकलेल्या. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणेन. थोरलीला खालच्या आळीत दिली होती, बोटवाल्याला. बंदरावर त्याच्या स्वतःच्या बोटी, स्वभाव मऊ, पाचही वेळा मशिदीत पहिल्या रांगेत. कपाळावर सजद्यात जमिनीला टेकून टेकून पडलेला काळा डाग. रस्त्यात बायका दिसल्या की नजर खाली. अशा स्थळाला कोण नको म्हणेल! लग्नात बायका म्हणत होत्या, पोरीने नशीब काढलंन.

लग्नानंतर थोरली हळूहळू जास्तच झाकून राहायला लागली. आमच्याकडे बुरखे तिचेच सगळ्यात जास्त यायचे. बाही अजून चार बोटं लांब कर, गळा अजून वर घे. घरात घालायच्या कुर्त्यालाही मनगटापर्यंत बाही. मे महिन्यात, जेव्हा चिऱ्याच्या भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात, तेव्हाही ही हातमोजे घालून बाजारात. मी एकदा म्हटलं, "मेल्ये, उकडून मरशील." ती हसली आणि माप दिलंन. आईला मात्र तिचं केवढं कौतुक! पोरींना सांगायची, "शिकायचं तर हिच्याकडून शिका. माझ्या हाताखालून इतक्या पोरी गेल्या, पण हया उतरली ती हिच्यात." मोहल्ल्यात सगळेच तसं बोलत होते. एक लेक झाली, ती दुडुदुडु चालायला लागली, आणि त्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या उकाड्यात थोरली तापाने गेली.

तापानेच गेली. मी उगाच भलतंसलतं म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. पण आठवडाभर ताप होता आणि डॉक्टर आला नाही. बोटवाला दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "काय करू, ती पुरुष डॉक्टरला हात दाखवायला तयार नव्हती. एवढी हयादार होती." लोक माना डोलवत होते. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, अशी मौत नशिबाने येते.

मागच्या खोलीत फळी लावली होती. खोलीत आई, मी आणि ती. आईने हाताला पिशवी बांधली, बिस्मिल्लाह म्हणून चादरीखाली उजवा हात धुवायला घेतला, आणि दंडापाशी तिचा हात थांबला. मला वाटलं काही राहिलं असेल, पुढच्या पाण्यासाठी मी तांब्या भरून धरला. आईचा हात पुन्हा सरकला, पुन्हा थांबला. मग तिने डोळेच मिटून घेतले आणि तशीच धूत राहिली. कुशीवर वळवायची वेळ आली तेव्हा मी पलीकडून धरलं. चादर एका बाजूने सरकली. पाठीवर इस्त्रीच्या टोकाचे डाग होते. जुने पांढरे पडलेले, त्यांच्यावर तांबडे, त्यांच्यावर अजून ओले. दंडावर, मांडीवर. मनगटावर नाही, मानेवर नाही, चेहऱ्यावर तर एक ओरखडा नाही. बुरख्याबाहेर जे जे दिसतं ते सगळं नितळ होतं. ज्याने केलंन त्याला कापड कुठवर येतं ते माझ्याइतकंच बरोबर माहीत होतं, आणि ते कापड मी शिवलं होतं.

आई म्हणाली, "पाणी घाल." मी घातलं. कापराचं पाणी घातलं, केसांच्या वेण्या घालून पुढे छातीवर ठेवल्या, कफन बांधलं. तिच्या आईला तोंड बघायला आत बोलावलं. ती आली, लेकीचं तोंड पाहिलंन आणि कफनाची कड गळ्यापाशी उगाच अजून वर ओढलीन.

घरी येताना मी रस्त्यातच सुरू झाले. "तो भडवा पहिल्या रांगेत उभा राहून आत्ता जनाज्याची नमाज पढतोय! आणि आपण गप्प? मी आत्ता जाऊन मशिदीच्या पायरीवर बोंबलते." आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचकली. "मयताची गोष्ट आहे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मग पोलिसात जाऊ. म्हणाली, काय दाखवशील? दाखवायचं ते आम्हीच आमच्या हाताने पांढऱ्या कपड्यात बांधून दिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर माती पडली.

मी आईवर इतकी चिडले की दोन जेवणं तिच्याशी बोलले नाही. ती तरी कुठे जेवत होती! नमाजच्या चटईवरून उठायचीच नाही. पोरी यायच्या, सबक घेऊन जायच्या, पण हयेचा सबक तिने बंद केला होता. मग एक दिवस मला म्हणाली, मशिदीत इमामसाहेबांना विचारून ये. मी गेले, दाराबाहेरून विचारलं की मयताच्या अंगावर मारल्याच्या खुणा दिसल्या तर धुणारीने काय करायचं. कोणाचं विचारतेय ते त्यांना कळलं असणारच, खुळे नव्हते ते. मग म्हणाले, "मिट्टी दिली, विषय संपला. मोहल्ल्यात फितना नको." फितना म्हणजे भांडणतंटा, माणसात माणूस न राहणं. मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "मी फितन्याचं विचारलं नव्हतं. झाकायचं मयताचं उणं. मार खाल्लान हे तिचं उणं आहे काय? मग मी झाकतेय ते कोणाचं?"

हे ती मला नाही, स्वतःलाच विचारत होती.

थोरलीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला बायका सगळ्या जमल्या होत्या. पुलाव वाढता वाढता एकीने विषय काढलान की लेकरू लहान आहे, बोटवाला काही बिनबायकोचा राहायचा नाही. सावत्र आई आली तर पोरीचे हाल. त्यापेक्षा घरातलीच धाकटी काय वाईट? "माय मरो नि मावशी जगो," दुसरी म्हणाली आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. धाकटी तिथेच भांडी उचलत होती. एकोणीस वर्षांची पोरगी, आवाज असा की शेजारी बसलेल्याला ऐकू येऊ नये. तिच्या हातातल्या ताटांचा आवाज मात्र तेव्हा झाला. तिची आई काही बोलली नाही. आणि मोठ्यांच्यात काही न बोलणं म्हणजे ठरलंच.

त्या दिवशी आई जेवल्याबरोबर उठली आणि विधवेला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी दारात उभी. आईने सांगितलं, सगळं, जसं दिसलं तसं. मला वाटलं ती बाई ऊर बडवील, निदान खाली बसेल. ती म्हणाली, "मला काय तुम्ही सांगता आपा? तिने मला दाखवलं होतंन."

खाली बसली ती आमची आई.

"दोनदा पळून आली होती. मी तिला म्हटलं, झाक. नवऱ्याची गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नसते. तुम्हीच ना शिकवलं होतंत माझ्या पोरींना?" मग तिचा आवाज चिरकला. "मी बाईमाणूस, एकटी. हिला परत आणून ठेवू कुठे? आणि धाकटीला दुसरा कोण विचारतोय? नातीला तरी कोण बघेल?" मी तोंड सोडायलाच पुढे झाले होते. तिला शिव्या घालाव्यात तर तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

घरी आल्यावर आईने धाकटीला निरोप पाठवला की सबक राहिलाय, येऊन जा. दुपारी ती आली. आईने तिला समोर बसवलं आणि विचारलं, तुला ठाऊक आहे? तिने मान हलवलीन. तिला तर थोरलीने सगळं आधीच सांगितलं होतंन, बहिणी-बहिणी त्या. "मग करायचाय हा निकाह?" मान आडवी. "मग सांग तसं." त्यावर ती जे म्हणाली ते मी जन्मात विसरायची नाही. म्हणाली, "कसं सांगू आपा? आवाजच येत नाय."

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्यात निकाहाच्या वेळी नवरी पुरुषांत जात नाही. तिच्या बाजूचा एक माणूस, त्याला वकील म्हणतात, दोन गवाह घेऊन बायकांच्या खोलीत येतो आणि तिला विचारतो की इजाजत आहे का. पोरगी कुंवार असेल तर तिला हो म्हणावंच लागत नाही. ती गप्प राहिली तरी तो होकार धरतात. का, तर हयादार पोरगी तोंडाने हो कशी म्हणेल! हा कायदा पोरीची लाज राखायला आहे, तिचा जबरदस्तीने होकार घ्यायला नाही, हे आईच आम्हाला सांगायची. पण नाही म्हणायचं असेल तर ते तोंडानेच म्हणावं लागतं. आणि ज्या पोरीला लहानपणापासून पुरुषांसमोर आवाज काढू नको म्हणून शिकवलं, तिने तो पहिल्यांदा कधी काढायचा, तर तीन पुरुषांसमोर, बायकांनी भरलेल्या खोलीत, स्वतःच्या आईच्या मनाविरुद्ध.

तर आईने तिला शिकवायला घेतलं. जसं अरबीचं एकेक अक्षर शिकवायची, कंठातून कुठून काढायचं, ओठ कुठे मिटायचे, श्वास कुठे घ्यायचा, तसं. "म्हण, नाय." धाकटी ओठ हलवायची. "ऐकू नाय आलं. पोटातून काढ." हूं नाही की चूं नाही. मी मशीनवरून उठून आले आणि "नाय!" अशी ओरडले की शेजारची कोंबडी उडाली. धाकटीला हसू आलं, मग रडू आलं. आई म्हणाली, "हिच्यासारखं नको, आपल्यासारखं म्हण." आणि मग स्वतः म्हणून दाखवलं. नाय. आईचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण पडवीबाहेर गेला. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने मान वळवून पाहिलंन आणि आईने दरवाजा ओढून घेतला नाही.

रोज दुपारी हा एकच सबक. कधी कधी धाकटीला जमायचंही. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. डोळे उघडले की परत गळा बंद. मी म्हटलं, आई, हिच्याच्याने व्हायचं नाय, मीच काहीतरी करते. आई म्हणाली, "तू केलंस तर लोक म्हणतील तू केलंस. तिचं नाय तिचंच पाहिजे." आणि जायच्या वेळी धाकटीला रोज सांगायची, "बोलताना माणसांकडे बघू नको. ते बघतायत हे विसर. जो बघतोय त्यालाच सांगतेयस असं समज."

निकाह घरातच होता, दुपारी जुहरच्या नमाजेनंतर. अंगणात मांडव, पुरुष मांडवात. मधल्या खोलीत धाकटी लाल ओढणीत, तिच्या डाव्या बाजूला तिची आई, उजव्या बाजूला आमची आई. मी बाजूच्या भिंतीला टेकून. वकील म्हणून तिचा सख्खा मामा आला. गवाह दाराशी थांबले. मामाने नवऱ्याचं नाव घेतलंन, मेहेरची रक्कम सांगितलीन आणि विचारलंन, इजाजत आहे? धाकटीचे ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा विचारलंन. मी मनात म्हणत होते, बोल गो बाय, बोल. तिसऱ्यांदा विचारलंन आणि थोडा थांबून म्हणाला, "गप्प आहे म्हणजे इजाजत आहे. हयादार पोरगी, माशाल्लाह." आणि उठायला लागला. बायका मुबारक-मुबारक करायला लागल्या.

"थांबा."

कोण बोललं ते मलाही आधी कळलं नाही. आई नकाबातून बोलली होती. मामा अर्धा उठलेला तसाच राहिला. "पोरगी नाय म्हणतेय," आई म्हणाली. "ओठ बघा तिचे."

"आपा, तुम्ही ह्यात पडू नका."

"हिच्या बहिणीला मी धुतली," आई म्हणाली, आणि एवढं म्हणून तिचा श्वास संपला. मग पुन्हा घेतला. "तिच्या पाठीवर, दंडावर, मांडीवर इस्त्रीचे डाग होते. जुने होते, नवे होते. अल्लाहला हाजिर मानून सांगतेय."

खोलीत कोणीतरी तोबा-तोबा म्हटलं. मामाचा चेहरा पांढरा पडला. पण तो म्हणाला काय? "मयताची गोष्ट उघडी करताय? कयामतीच्या दिवशी काय जबाब द्याल?"

"तोच देतेय," आई म्हणाली. "आता परत विचारा. ती तोंडाने बोलेपर्यंत उठू नका."

मामाने परत विचारलंन. मला वाटतं, बाहेर जायला त्याला दुसरा रस्ताच उरला नव्हता म्हणून विचारलंन. धाकटीने डोळे मिटले. गळ्याची शीर ताठ झाली. आणि तो आवाज आला, खरखरीत, फाटका, पण आला. "नाय." तिच्या आईने फाडकन तिच्या तोंडात मारलीन. ओढणी खाली पडली. धाकटीने ती उचलली नाही, दुसऱ्यांदा म्हणाली, "नाय." हा मांडवात गेला.

मांडवात बोटवाला फुलांच्या हारात बसला होता. तो उठला, हार काढून खुर्चीवर ठेवलान आणि मऊ आवाजात म्हणाला, "अल्लाहची मर्जी. अन्न वाया घालवू नका, जेवून जा सगळे." आणि लोक जेवून गेले हो! हाडं चोखत होते आणि म्हणत होते, काय सब्र आहे माणसाला!

त्यानंतर आमच्या पडवीत पोरी यायच्या बंद झाल्या. एकेक करून नाही, दुसऱ्या दिवशीपासूनच. मोहल्ल्यात बाई वारली तर धुवायला दुसरीला बोलवायला लागले, मजगावातून रिक्षा करून आणतात. जी मेलेल्या बाईची अब्रू राखत नाही तिच्या हातात आपली कोण देईल? मी तणतणले की आई म्हणायची, "बरोबर आहे त्यांचं. मी पण अशीला बोलावली नसती." धाकटी त्या रात्रीपासून आमच्याकडेच आहे. तिची आई रस्ता ओलांडून पलीकडून जाते. धाकटी माझ्या मशीनवर काजं-बटणं करते. बोलते अजूनही हळूच.

आणि बोटवाल्याने महिन्याच्या आत लांब बुरोंडीकडची एक गरीब घरची पोरगी केलीन. तिकडे कोणाला काय माहीत? आम्हालाही निकाह झाल्यावर कळलं. मासे विकायला येणारी खारवीण सांगत आली, तिचं घर त्याच्या घराच्या अगदी समोर. "नवी आली ओ चाची, लहान आहे फार." आई भाकरी थापत होती. तिने फक्त विचारलं, "तिला विचारायला गेले तेव्हा तिच्या बाजूला कोण बसलेलं?" ते खारविणीला कसं ठाऊक असणार! आईने तव्यावरची भाकरी करपू दिली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना, असरच्या नमाजेआधी, आईने बुरखा चढवला आणि मला न सांगता निघाली. मी पाठोपाठ. खालच्या आळीत जाऊन ती खारविणीच्या ओट्यावर बसली, बोटवाल्याच्या दारासमोर, हातात तसबीहची माळ घेऊन. खारविणीने पाट आणून दिलान. एवढंच म्हणाली, "बसा ओ. मला रात्रीचं ऐकू यायचं पहिलीच्या वेळी. आमची मधे पडायची हिंमत नाय झाली." असरची बांग झाली आणि बोटवाला नमाजेला बाहेर पडला. आईला बघून ठेचकाळला, पण सलाम केलान. आईने जबाब दिला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "घरात पोरी बऱ्या आहेत ना?" तो अल्हम्दुलिल्लाह म्हणाला आणि नजर खाली घालून भराभर चालत गेला. वरच्या खिडकीचा पडदा जरा हलला. बास, एवढंच.

आता रोज जाते. लोक म्हणतात म्हातारीचं डोकं फिरलंय. एक दिवस मीच वैतागून म्हटलं, "काय होणार आहे तुझ्या बसण्याने? तो काय तुला घाबरतो?"

"मला कशाला घाबरेल," आई म्हणाली. "पहिल्या रांगेत उभा राहतो, तरी अल्लाह बघतोय असं त्याला वाटत नाय. निदान समोरची म्हातारी बघतेय एवढं तरी वाटू दे."

जूनमध्ये मासेमारी बंद होते, बोटी वर काढतात आणि बोटवाला दिवसभर घरात असतो. खारविणीच्या ओट्यावर पावसाची झड थेट आत येते. मी म्हटलं, पावसात तरी घरी बस. आईने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. उद्या धाकटीला बाजारात पाठवून त्या ओट्याला लावायला ताडपत्री आणायची आहे, कडेने शिवून द्यायला आईने मला सांगितलंय.